ब्रेकबाईंचा उजवा डोळा

त्यांचं खरं नाव लायसनवर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी जगासाठी त्या ब्रेकबाई. गाडी शिकवायचा धंदा त्यांनी तरुणपणी सुरू केला. बाईमाणूस गाडी शिकवते हे बघायला तेव्हा लोक फुटपाथवर थांबायचे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असा टेकलेला असायचा, की समोरचा धोका शिकणाऱ्याला कळायच्या आत गाडी थांबलेली असायची. शिकणाऱ्याला वाटायचं, वा, आपणच थांबवली! पहिले काही दिवस बाई तसं वाटू द्यायच्या.

तोंडाने मात्र फटकळ. "अहो, गिअर आहे तो, पातेल्यातला डाव नव्हे. ढवळताय काय!" नाहीतर, "स्टिअरिंगला इतकं काय कवटाळायचं? ते कुठे पळून चाललंय का?" मोठमोठे साहेब त्यांच्या शेजारी बसले की घामाघूम व्हायचे. पण गंमत बघा, ज्यांनी त्यांची बोलणी खाल्ली तेच पुढे आपल्या मुलींना, सुनांना त्यांच्याकडे पाठवायचे. "ओरडतील, पण शिकवतील," म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. रस्त्यावर काही चुकलं, की गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि ज्याचं चुकलं त्याने काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. कोणी रडायचं, कोणी हुज्जत घालायचं, एका वकिलाने तर भर उन्हात बराच वेळ युक्तिवाद केला होता. बाई खिडकीबाहेर बघत बसून राहायच्या.

तर अशा या बाईंच्या उजव्या डोळ्यात साठीच्या सुमाराला मोतीबिंदू झाला. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा त्यांनी घरात सांगितलं. घरात माणसं मोजकीच. नवरा निवृत्त ग्रंथपाल, आयुष्यभर लोकांना गप्प बसवून बसवून स्वतःच हळू बोलायला लागलेला. मुलगा कामानिमित्त सदा बाहेर. आणि सून, जिचं सासूशी पटायचं कारण दोघीही एकमेकींना तोंडावर बोलायच्या.

"आई, मोठ्या हॉस्पिटलात दाखवू या," सून म्हणाली.

"काही नको. माझा विद्यार्थी आहे ना डोळ्यांचा डॉक्टर."

डॉक्टर निवडायच्या लोकांच्या एकेक तऱ्हा असतात. कोणी पदव्या बघतं, कोणी गर्दी बघतं, कोणी शेजारणीला विचारतं. बाईंचा हिशोब वेगळाच. हा डॉक्टर कॉलेजात असताना त्यांच्याकडे गाडी शिकला होता. हडकुळा, लाजरा पोरगा. "अहो, आरसा बघितल्याशिवाय त्याने गाडी कधी जागची हलवली नाही," बाई नवऱ्याला सांगत होत्या. "एकदासुद्धा नाही! असा माणूस डोळ्याला हात लावणार असेल, तर मी डोळे मिटून झोपेन."

"डोळा उघडा ठेवावा लागतो म्हणतात," नवरा हळूच म्हणाला.

अशी चूक गाडी शिकवणारी बाईच करू जाणे. चांगला ड्रायव्हर म्हणजे चांगला माणूस, आणि चांगला माणूस म्हणजे सगळ्या बाबतीत चांगला, असं त्यांनी मनाशी जुळवून टाकलं होतं. तसा डॉक्टर वाईट नव्हताच. चार माणसांत बाई त्याला डॉक्टर म्हणायच्या, एकट्यात अरे-तुरे करायच्या, आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

या ऑपरेशनला पेशंट जागा असतो. तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक, वर दिव्याचा लख्ख उजेड. कोपऱ्यात बारीक आवाजात रेडिओ चालू होता. डॉक्टर मजेत होता. "बाई, आज मी चालवतोय आणि तुम्ही शेजारी बसलाय," असं काहीतरी तो म्हणाला आणि नर्स हसली. मग एकदम तो बोलायचा थांबला. रेडिओ बंद करायला सांगितलं. कोणीतरी भराभर चालत कपाटाकडे गेलं.

"काय रे, काय झालं?" बाईंनी कापडाखालून विचारलं.

"काही नाही बाई. हलू नका फक्त."

बाईंचं सगळं आयुष्य शिकाऊ लोकांच्या शेजारी गेलेलं. बडबडणारा माणूस एकाएकी मुका होतो तेव्हा त्याच्या हातून काहीतरी सुटलेलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.  पण बाहेर आल्यावर तो हसून म्हणाला, "छान झालं. जरा वेळ लागला, इतकंच." आणि बाईंनी ते मानलं. मानायचंच होतं त्यांना.

पट्टी निघाली आणि उजव्या डोळ्यासमोर नुसता धुरकटपणा. रस्त्यावरचा पांढरा पट्टा मध्येच वाकलेला दिसायचा. एक काळसर कण चहाच्या पत्तीसारखा इकडून तिकडे तरंगत राहायचा. डॉक्टर म्हणाला, "सूज आहे, उतरेल. थेंब चालू ठेवा." नवरा थेंब घालायचा. पुस्तकाचं पान उलटावं इतक्या हळुवारपणे पापणी उचलायचा आणि थेंब नेमका नाकावर पाडायचा.

"अहो, डोळा तिथे नाही, इकडे आहे!"

"अगं, तू डोकं हलवतेस."

पुढच्या वेळीही सूजच होती. त्याच्या पुढच्या वेळीही सूजच. मग डॉक्टर भेटेनासाच झाला. सहायक मुलगी डोळ्यात बॅटरी मारायची आणि म्हणायची, "सर आत बिझी आहेत. सूज आहे, थेंब चालू ठेवा." एकदा तर दाराच्या फटीतून बाईंनी त्याला पाहिलं, त्यानेही बाईंना पाहिलं, आणि दार आतून लागलं. घरी येऊन त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. उलट सून काही बोलली की त्याचीच बाजू घ्यायच्या. "तुझा पाय मुरगळला तेव्हा काय सूज आली नव्हती? उतरली ना?" इतक्या वर्षांचा विश्वास असा उचलून बाहेर फेकता येत नाही. तो थोडा थोडा झिजत होता, आणि त्या वरून ठिगळं लावत होत्या.

शेवटी सुनेने त्यांना जवळजवळ ओढतच दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं आणि सहज विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी भिंगामागची पिशवी फाटली, हे तुम्हाला सांगितलंय ना त्यांनी?"

सून सासूकडे बघायला लागली. सासू यंत्राकडेच बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. असं होऊ शकतं, चांगल्या हातांकडूनही होतं. पण मोतीबिंदूचा एक तुकडा मागे, डोळ्याच्या आत पडलाय. तो आपोआप जाईल असं दिसत नाही, त्याच्यामुळेच सूज हटत नाहीये. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काम करणारे डॉक्टर असतात, ते तो काढतील. उशीर मात्र करू नका, नाहीतर नजर जाईल ती जाईलच.

बाहेरच्या बाकावर बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या. पिशवी फाटली याचं त्यांना तितकं काही वाटलं नाही. गाड्या ठोकलेल्या माणसांत त्यांनी जन्म काढला होता. "त्याने मला सांगितलं नाही गं," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. त्यांचं तोंड असं लहान झालेलं सुनेने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्या डॉक्टरचा इतका संताप आला की तिथल्या तिथे फोन लावायला निघाली. बाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं.

आणि इथे बाई चुकल्या. त्यांनी थेंबांच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि जाहीर केलं, की यापुढे या डोळ्याला कोणीही हात लावायचा नाही. "एकाने लपवलं, दुसरी आता घाबरवतेय, तिसरा काय दिवे लावणार?" सून भांडली. नवऱ्याने हळू आवाजात तीनतीनदा समजावलं. बाई गुळणी धरून बसल्या. राग डॉक्टरवर आणि शिक्षा डोळ्याला! पण आतली गोष्ट वेगळी होती. त्यांना भीती वाटत होती. पुन्हा त्या कापडाखाली जायचं, पुन्हा कोणीतरी बोलता बोलता गप्प होणार, आणि आपण विचारलं की म्हणणार, काही नाही. ते "काही नाही" पुन्हा ऐकायची त्यांची छाती नव्हती.

शिकवणं मात्र चालूच. डावा डोळा ठणठणीत होता, आणि मान जरा जास्त वळवली की भागतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. विद्यार्थ्यांना ताकास तूर लागू दिली नाही. कोणी विचारलंच, तर "झालं की ऑपरेशन, मस्त झालं!"

त्या वेळी त्यांच्याकडे एक बेकरीवाली शिकत होती. नवरा अचानक गेलेला, बेकरीची डिलिव्हरीची गाडी दारात उभी, आणि चालवायला कोणी नाही. भित्री इतकी, की हॉर्न स्वतःच वाजवायची आणि स्वतःच दचकायची. पण जिद्दीची. "बाई, तुमचा पाय आहे ना ब्रेकवर? मग मला कसली भीती?" असं रोज गाडीत बसताना म्हणायची, देवाचं नाव घ्यावं तसं.

एका सकाळी शाळेच्या मागच्या रस्त्याने दोघी चालल्या होत्या. उजव्या गल्लीतून प्लास्टिकच्या बादल्या लादलेली हातगाडी बाहेर आली. बेकरीवालीने ती पाहिली आणि बाईंच्या ब्रेकची वाट पाहिली. ब्रेक लागला नाही. तिने स्वतःच दोन्ही पाय ब्रेकवर दाणकन आपटले. गाडी आचके देत हातगाडीपासून वीतभर अंतरावर बंद पडली. वरची एक बादली घरंगळत खाली आली. हातगाडीवाल्याने दोघींच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, बादली उचलली आणि तो निघून गेला.

गाडी कडेला. इंजिन बंद. नियम बेकरीवालीला पाठ होता. "माझी चूक. माझा वेग जास्त होता," ती म्हणाली. वेग मुळीच जास्त नव्हता. मग तिने चाचरत विचारलं, "पण बाई, आज तुम्ही ब्रेक नाही मारलात?"

"मुद्दामच नाही मारला. तुमची परीक्षा बघत होते."

बेकरीवालीचा चेहरा असा काही उजळला! "म्हणजे मी पास?" म्हणाली आणि हसत हसत डोळे पुसायला लागली. "अगं बाई, आणि मला वाटलं तुम्हाला दिसलंच नाही!"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. किती सहज आलं होतं ते तोंडातून. घशात अडकलंसुद्धा नाही. हातगाडी त्यांना खरोखरच दिसली नव्हती. ब्रेक ऐकू आल्यावर समोर बादल्या आहेत हे त्यांना कळलं. आणि ही बाई त्यांच्या खोट्यावर खूश होऊन रडत होती. बाईंना स्वतःची शिसारी आली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नाही दिसली मला. उजव्या डोळ्याने मला धड दिसत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

बेकरीवालीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने पट्टा सोडला, दार उघडलं, खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग वाकून खिडकीतून म्हणाली, "मला दोन पोरी आहेत, बाई. त्यांना आता मीच आहे." ओरडली नाही, काही नाही. पर्स खांद्याला लावून चालत गेली. बाईंनी गाडीला कुलूप लावलं, नवऱ्याला बोलावून घेतलं आणि दोघं पायी घरी आले. वाटेत तो काही विचारेना, म्हणून त्यांनीच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणं बंद.

मग त्या डॉक्टरकडे गेल्या. एकट्या, सकाळी, इतर पेशंटांच्या रांगेत. या वेळी सहायक मुलीला त्यांनी सरळ सांगितलं, "बाळ, तू नको. ते येईपर्यंत मी बसते." दुपार होत आली तेव्हा आत बोलावणं आलं. डॉक्टर सवयीने खुर्चीवरून उठला.

"बसा. तुम्हाला पेशंट आहेत, मी वेळ घेणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, मला ‘तुम्ही’ का म्हणता?"

"परक्या माणसाला काय म्हणतात मग?"

तो खाली बसला. हातातलं पेन टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. आणि मग सगळं बोलला. पिशवी फाटली, तुकडा मागे गेला, तो विरघळेल अशी आशा होती. आशाच होती फक्त. तेव्हाच पुढे पाठवायला हवं होतं. "तुम्ही आत आलात की मला तोंड दाखवणं जमायचं नाही. दुसरा कोणी पेशंट असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्हाला नाही सांगू शकलो."

"सूज उतरली असती तर? कधी सांगणार होतात?"

"कधीच नाही," तो म्हणाला.

हे उत्तर ऐकून बाईंना लागलं, पण त्यातल्या त्यात बरंही वाटलं. आजवरचं पहिलं खरं उत्तर होतं ते. "परवा मीही एकीशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तिचा जीव गेला असता. त्यामुळे तुम्ही का बोललात ते कळलं मला. माफ केलं असं समजू नका. कळलं, इतकंच. आता पुढे काय करायचं ते सांगा."

त्याने त्यांच्यासमोरच पडद्याच्या डॉक्टरला फोन लावला. "ऑपरेशन मी केलंय," तो फोनवर म्हणाला. "पिशवी फाटली, तुकडा मागे पडलाय. उशीर झालाय, आणि तो माझ्यामुळे झालाय. मी पेशंटला सांगितलं नव्हतं." बाई भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत बसल्या. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "मी बरोबर येऊ?" बाईंनी मान हलवली. नको. मग दाराशी जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "जेवून घ्या. दुपार झाली."

पडद्याचा डॉक्टर म्हणजे एक नग होता. हसणं नाही, बसा नाही, कसं वाटतंय नाही. बाहेर आल्या आल्या सून म्हणाली, "काय तुसडा माणूस आहे हो आई! हा ऑपरेशन करणार?" पण आत बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. "मध्येच काही बिघडलं तर मला कधी सांगाल?"

"बिघडेल तेव्हा. तुम्ही जाग्याच असणार आहात."

"आणि मी घाबरले तर?"

"घाबरा. हलू नका."

आता जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. डोळा पूर्ण आला नाही. उशीर झाला तो झालाच. पांढरा पट्टा सरळ झाला, चहाची पत्ती गेली, पण बारीक अक्षर त्या डोळ्याला कधी लागलं नाही. शिकवायची गाडी बाईंनी विकली. बेकरीवाली दुसरीकडे शिकली आणि आता तिची गाडी ती झोकात चालवते. बाईंना रस्त्यात भेटली तर बोलते, बेताचंच. डॉक्टर दर आठवड्याला फोन करतो. बाई उचलतात, कशी आहे नजर ते सांगतात आणि ठेवतात. अजून अरे-तुरे सुरू झालेलं नाही.

पण दुसऱ्या ऑपरेशनच्या त्या दिवशी यातलं काहीच बाईंना ठाऊक नव्हतं. टेबलावर आडवं केलं, तोंडावर कापड आलं, आणि त्यांना कापरं भरलं. दात वाजायला लागले. उठून पळून जावं असं वाटलं, या वयात, हॉस्पिटलच्या त्या मागून उघड्या झग्यात. नर्सने पायांवर जाड चादर टाकली. डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनने डोळा बधिर झाला आणि काम सुरू झालं. इथे रेडिओ नव्हता, गप्पा नव्हत्या. नुसती यंत्राची घरघर आणि मधून मधून डॉक्टरचं "हं".

बराच वेळ गेला. आणि मग ते "हं" थांबलं. घरघरही थांबली. कोणीतरी काहीतरी बाजूला ठेवल्याचा आवाज आला. खोली गप्प झाली. ही शांतता बाईंच्या ओळखीची होती. त्यांनी मुठी आवळल्या. विचारायला तोंड उघडेना.

"बाई, ऐकताय?" डॉक्टरचा आवाज आला. "तुकडा निघाला. पण पडद्याला एक बारीक चीर पडलीय. माझ्या हातून, आत्ता. लेझरने बंद करतो, मग आत गॅस भरतो. काही दिवस तुम्हाला पालथं पडून राहावं लागेल. अजून वेळ लागेल."

"बरं," बाई म्हणाल्या.

कापडाखाली डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं ते कानापर्यंत गेलं. त्यांनी नाक ओढलं, तसं ते नर्सच्या लक्षात आलं. ती वाकून म्हणाली, "दुखतंय का?"

"नाही गं."

"मग रडताय कशाला?"

"त्यांनी सांगितलं ना," बाई म्हणाल्या.

"बोलू नका," डॉक्टर खेकसला. "तोंड हललं की डोकं हलतं."

बाईंनी तोंड मिटलं, मुठी सोडल्या, आणि त्या माणसाला त्याचं काम करू दिलं.